हेडरकाका

जीवशास्त्राच्या प्रत्येक संस्थेत एक माणूस असा असतो, की ज्याच्याकडे हौसेने कुणी जात नाही आणि ज्याच्याकडे गेल्याशिवाय कुणाचा पेपरही पुरा होत नाही. कागदोपत्री तो टेक्निकल ऑफिसर असतो, सायंटिस्ट असतो, कधी कंत्राटावरचा प्रोजेक्ट असिस्टंट असतो. प्रत्यक्षात त्याचं काम एकच: दुसऱ्याने आणलेल्या फाइलीत खोट काढणं. पुण्यातल्या आमच्या संस्थेत ही गादी हेडरकाका चालवतात. नाव पीएचडीच्या पोरांनी ठेवलेलं. तोंडावर सगळे ‘सर’ म्हणतात, पाठीमागे ‘हेडरकाका’, आणि सर्व्हर बसलेला असेल तेव्हा पाठीमागेसुद्धा ‘सर’.

ज्यांचा या प्रकाराशी आजवर संबंध आला नाही त्यांना एवढंच सांगतो. डीएनए म्हणजे ए, सी, जी, टी या चार अक्षरांची लांबलचक माळ, प्रथिन म्हणजे वीस अक्षरांची. यंत्रातून बाहेर पडलेली ही अक्षरं साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवतात. पहिल्या ओळीच्या सुरुवातीला > अशी खूण, तिला चिकटून नाव, मग जागा सोडून हवं ते वर्णन. खालच्या ओळीपासून अक्षरं. दुसरी माळ, म्हणजे सीक्वेन्स, आली की पुन्हा > आणि पुन्हा नाव. संपलं. या मांडणीला फास्टा म्हणतात आणि > ने सुरू होणाऱ्या ओळीला हेडर. डेव्हिड लिपमन आणि विल्यम पिअर्सन यांनी १९८५ मध्ये प्रथिनांची तुलना करणारा फास्टपी नावाचा प्रोग्रॅम आणला, १९८८ मध्ये त्याचा धाकटा भाऊ फास्टा आला. १९९० मध्ये त्याच कामाचा ब्लास्ट आला आणि बहुतेकांनी फास्टा चालवणं सोडलं; त्याला फाइल ज्या रूपात द्यावी लागे ते रूप मात्र सगळ्या जगाने ठेवून घेतलं. शाळकरी पोराला मधल्या सुट्टीत शिकवता येईल इतकं ते सोपं आहे. काकांच्या मते सगळी दुर्दशा इथूनच सुरू होते. ‘सोपं आहे म्हटलं की माणूस वाचत नाही,’ असं त्यांचं म्हणणं.

काका मूळचे साताऱ्याचे. बॉटनी घेऊन बी.एस्सी. झाले. पुणे विद्यापीठात बायोइन्फर्मेटिक्सचं केंद्र ऐंशीच्या दशकातच निघालं होतं. नव्वदच्या दशकात काका तिथे शिकायला आले, आणि त्यानंतर त्यांनी झाडाकडे झाड म्हणून पाहिल्याचं कुणाला आठवत नाही. आवारात बहावा फुलला की सगळे मोबाइल काढतात. काका विचारतात, ‘याचा क्लोरोप्लास्ट जीनोम कुणी टाकलाय का? आणि व्हर्जन कुठलं?’

त्यांच्या टेबलावर दोन मॉनिटर आहेत, दोन्ही काळे, त्यावर हिरवी अक्षरं. माउस आहे, पण तो वायरची गुंडाळी न सोडता ड्रॉवरमध्ये ठेवलाय. काकांनी आयुष्यात एकही फाइल डबल क्लिकने उघडलेली नाही. आधी ‘हेड’ मारायचं, म्हणजे फाइलीच्या पहिल्या दहा ओळी दिसतात. मग ‘टेल’, म्हणजे शेवटच्या दहा. मग ओळी मोजायच्या. एवढं होईपर्यंत फाइल आणणाऱ्याशी एक शब्द बोलायचा नाही. मागच्या भिंतीवर दोन तसबिरी: एक गणपती आणि दुसरी मार्गारेट डेहॉफ या अमेरिकन बाईंची. साफसफाईच्या मावशी दसऱ्याला दोघांनाही झेंडूची माळ घालतात. काका एकही काढायला सांगत नाहीत.

डेहॉफबाईंनी १९६५ मध्ये ६५ प्रथिनांचे सीक्वेन्स एकत्र करून ॲटलास छापला. अमिनो आम्लांची नावं तेव्हा तीन-तीन अक्षरांत लिहीत. संगणकात जागा वाचावी म्हणून त्यांनी ती एकेका अक्षरावर आणली. या एकाक्षरी लिपीवर काकांचा जीव आहे, आणि त्यात थोडा प्रांताभिमानही मिसळलेला आहे. साताऱ्याचं इंग्रजी स्पेलिंग घ्या: एस, ए, टी, ए, आर, ए. सेरीन, ॲलानीन, थ्रिओनीन, ॲलानीन, आर्जिनीन, ॲलानीन. एक अक्षर वाया नाही. कराड होतं, सांगली होते, वाई होते. पुणे होत नाही. त्यातल्या यूसाठी सेलेनोसिस्टीन नावाचं दुर्मिळ, एकविसावं अमिनो आम्ल लागतं. ‘पुण्याला सगळं वेगळंच लागतं,’ हे काका नव्या बॅचला दरवर्षी ऐकवतात. मी कोल्हापूरचा. आमच्या स्पेलिंगात ओ आणि यू दोन्ही येतात, म्हणजे एकविसावं सेलेनोसिस्टीन आणि बाविसावं पायरोलायसीन, दोन्ही घातल्याखेरीज कोल्हापूर तयारच होत नाही. हे मी त्यांच्या नजरेला आणून दिलं तेव्हा काकांनी स्क्रीनवरची नजरही न हलवता सांगितलं, ‘तांबडा आणि पांढरा.’

तर अशा या माणसाच्या दारात जुलै-ऑगस्टमध्ये नवे विद्यार्थी येऊन उभे राहतात. संवाद ठरलेला असतो.

‘सर, सीक्वेन्स आणलेत. ब्लास्ट मारायचा होता.’

‘कशात आहेत?’

‘पेनड्राइव्हमध्ये.’

‘ते दिसतंय. फाइल कशात आहे?’

‘वर्डमध्ये.’

इथे काका चष्मा काढून टेबलावर ठेवतात. शेजारच्या खोलीत मला एवढा आवाज ऐकू येतो आणि पुढे काय होणार ते कळतं.

‘बाळ, वर्डमध्ये काय लिहितात?’

‘थीसिस?’

‘थीसिस लिहितात. रजेचा अर्ज लिहितात. सीक्वेन्स लिहीत नाहीत.’

‘पण सर, मी त्यातून कॉपी-पेस्ट करून रन लावला होता. चालला की! एरर नाही आली.’

हे वाक्य काकांसमोर उच्चारू नये. एरर आली तर काका खुशीत असतात. चहा सांगतात, बाही वर करतात, ‘चला, निदान बोलतोय तरी’ म्हणून कामाला लागतात. एरर न येता काम झालं की त्यांना झोप लागत नाही. एकदा त्यांनी अशीच एक फाइल उघडून दाखवली. कॉपी करताना पानाच्या तळाशी टाइप केलेला ‘पेज ३’ हा मजकूर इंग्रजीत प्रथिनाच्या मधोमध येऊन बसला होता. प्रोग्रॅमने काय केलं? आकडा गाळला, पी, ए, जी, ई ही अक्षरं प्रोलीन, ॲलानीन, ग्लायसीन, ग्लुटामिक आम्ल म्हणून आत घेतली आणि पुढे चालू पडला. ‘सायटोक्रोम ऑक्सिडेजच्या पोटात पानाचा नंबर असलेला प्राणी तू शोधलास,’ काका म्हणाले. ‘अभिनंदन. नेचरला पाठव.’

मुलगा रडवेला झाला. काकांनी त्याला चहा दिला. हा क्रमसुद्धा ठरलेलाच.

आता माझ्या लॅबविषयी. आमचं काम बेडकांवर. पश्चिम घाटात निक्टिबॅट्राकस नावाची बेडकांची प्रजाती आहे. रात्री ओढ्याकाठी आवाज करतात, जगात दुसरीकडे कुठेही नाहीत, आणि २०१७ मध्ये एकाच वेळी तिच्या सात नव्या जाती जाहीर झाल्या. बेडूक छान आहेत, फक्त नाव लांब. हेडरमध्ये ‘निक्टिबॅट्राकस हुमायुनी’ असं मधे जागा सोडून लिहिलं की बरेच प्रोग्रॅम पहिल्या रिकाम्या जागेपर्यंतच नाव धरतात. म्हणजे हुमायुनी गेला, आणि सगळे बेडूक नुसते निक्टिबॅट्राकस झाले. आमच्या एका हुशार मुलीने हे ओळखून मधे अंडरस्कोर घातला आणि फाइल फायलिप फॉरमॅटमध्ये बदलली. फायलिप हा वंशवृक्ष काढणारा जोसेफ फेल्सेनस्टाइन यांचा जुना प्रोग्रॅम, १९८० चा. त्यात नावाला दहा अक्षरं. अकरावं अक्षर त्याच्या हिशेबी सीक्वेन्सचं. निक्टिबॅट्राकसचं इंग्रजी स्पेलिंग चौदा अक्षरांचं आहे. कन्व्हर्टरने सगळी नावं दहावर छाटली आणि सुंदर, रंगीत, फांद्याफांद्यांचा वंशवृक्ष तयार झाला. प्रत्येक फांदीच्या टोकाला एकच नाव: निक्टिबॅट्रा.

काकांनी तो वृक्ष बराच वेळ न्याहाळला. ‘एकत्र कुटुंब दिसतंय,’ म्हणाले.

मग त्यांनी तिला आपली रीत शिकवली: प्रत्येक सीक्वेन्सला छोटा कोड द्यायचा, बी००१, बी००२, आणि कुठला कोड कुठल्या बेडकाचा त्याची वेगळी यादी ठेवायची. नाव माणसासाठी, कोड मशीनसाठी. आमच्या फ्रीजरमधल्या नळ्यांवर आता हेच कोड आहेत, आणि मला माझे बेडूक नावाने ओळखता येईनासे झालेत. पण झाड बरोबर येतं.

काकांचं खरं वैर अदृश्य अक्षरांशी आहे. ओळ संपली हे सांगायला लिनक्स एक खूण वापरतं, विंडोज त्याच जागी दोन. जास्तीची खूण डोळ्यांना दिसत नाही, छापली तर छापली जात नाही, पण नावाच्या शेवटाला चिकटून असते. एका पोस्टडॉकने तालुक्याच्या कॉलेजातून आलेली नमुन्यांची यादी आमच्या फास्टा फाइलीशी जुळवायला घेतली. पडद्यावर दोन्हीकडे नावं तीच, अक्षर न् अक्षर तेच; प्रोग्रॅम म्हणे जुळणी शून्य. तो बिचारा रात्री हॉस्टेलवर न जाता नावं एकेक करून ताडत बसला. सकाळी काका आले, उभ्या उभ्याच एक कमांड मारली आणि प्रत्येक नावाच्या शेपटाला लटकलेली खूण पडद्यावर आली. ‘खिडकीतून आलेला पाहुणा,’ म्हणाले, दुसऱ्या कमांडने सगळ्या खुणा झाडल्या आणि डबा फ्रीजमध्ये ठेवायला निघून गेले. पोस्टडॉक त्यांच्या पाठीकडे बघत राहिला. कृतज्ञता आणि संताप एकाच चेहऱ्यावर एकाच वेळी मावतात, हे मी त्या सकाळी पाहिलं.

फास्टक्यू हा त्यांचा आवडता विषय. तो निघाला की आपण खुर्ची ओढून घ्यावी. साधारण २००० च्या सुमारास इंग्लंडमधल्या सँगर इन्स्टिट्यूटमध्ये ही मांडणी निघाली. चार ओळींचा संसार: पहिलीत @ आणि नाव, दुसरीत अक्षरं, तिसरीत नुसतं +, आणि चौथीत प्रत्येक अक्षराला यंत्राने दिलेले गुण. गुण २० म्हणजे हे अक्षर चुकीचं असण्याची शक्यता शंभरात एक, ३० म्हणजे हजारात एक. जागा वाचवायला हे गुण आकड्यांत न लिहिता चिन्हांत लिहितात: गुणांत ३३ मिळवायचे आणि त्या क्रमांकाचं कीबोर्डवरचं चिन्ह टाकायचं. इथवर ठीक. मग सोलेक्सा आणि इल्युमिना यांची यंत्रं आली आणि त्यांनी ३३ ऐवजी ६४ मिळवायला सुरुवात केली. सोलेक्साने तर गुण काढायचं सूत्रही वेगळं ठेवलं. फाइलीचं नाव तेच, रूप तेच, चारच ओळी, आणि आत तीन वेगवेगळे हिशेब. कुठला कुठला ते फाइलीत कुठेही लिहिलेलं नाही. २०१० मध्ये पीटर कॉक आणि सहकाऱ्यांनी पेपर लिहून हा गुंता मांडला. २०११ मध्ये इल्युमिना परत ३३ वर आली. पण मधल्या वर्षांतल्या हार्डडिस्क अजून कपाटांतून निघतात.

अशीच एक डिस्क घेऊन दुसऱ्या शहरातले एक प्राध्यापक आले होते. २००९ चा डेटा. नव्या प्रोग्रॅमवर चालवला तर गुण अफाट चांगले दिसत होते आणि प्राध्यापक तृप्त होते. काकांनी ‘हेड’ मारलं, चौथ्या ओळीकडे पाहिलं. ‘यात स्मॉल लेटर दिसतायत. हा ६४ वाला. प्रत्येक अक्षराला ३१ गुण फुकट मिळालेत.’ प्राध्यापकांना पटेना. काकांनी पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवलं: यंत्राने दिलेले गुण ५, म्हणजे अक्षर चुकीचं असण्याची शक्यता जवळजवळ तीनांत एक. तेच चिन्ह ३३ च्या हिशेबाने वाचलं की ३६. चार हजारांत एक. ‘सर, नापास पोरगं मेरिटमध्ये आलंय,’ काका म्हणाले. प्राध्यापकांनी जेवणाला थांबायचा बेत रद्द केला.

या फास्टक्यूत @ मोजून सीक्वेन्स किती ते काढू नये, अशी काकांची आज्ञा आहे, कारण ३३ च्या हिशेबात ३१ गुणांचं चिन्हही @ च आहे आणि ते गुणांच्या ओळीच्या सुरुवातीला येऊन बसू शकतं. ‘ओळी मोज, चारने भाग.’ फास्टामध्ये > मोजलेलं चालतं. पण तिथेही एक खड्डा आहे आणि त्यात आमच्याकडचा एकजण पडला. मोजायची कमांड ग्रेप. तिच्यापुढे > हे चिन्ह अवतरणात लिहायचं असतं. अवतरण विसरलं, की लिनक्स त्या > चा अर्थ ‘निघेल ते पुढच्या फाइलीत लिही’ असा घेतं आणि लिहिण्याआधी ती फाइल पुसून लख्ख करतं. पोराला ग्रेप कशी वापरावी याची सूचना तेवढी पडद्यावर दिसली. त्याने अवतरण घालून शहाण्यासारखी तीच कमांड पुन्हा मारली. उत्तर आलं: शून्य. पावसाळाभर घाटात फिरून जमवलेल्या बेडकांची फाइल, आणि त्यात शून्य बेडूक.

काकांकडे कॉपी होती. त्यांच्याकडे सगळ्यांच्या सगळ्याची कॉपी असते, फक्त वाचता येईल अशा कुलपात, कुणालाही न विचारता केलेली. डायरेक्टरांच्या २०१४ च्या भाषणाचीसुद्धा.

जेनबँक फॉरमॅटबद्दल मात्र काकांच्या मनात जरा संमिश्र भावना आहेत. १९८२ मध्ये अमेरिकेत लॉस अलामोसला जेनबँक सुरू झाली. तिच्या एका नोंदीत काय नसतं? वर लोकस, मग व्याख्या, ॲक्सेशन नंबर, व्हर्जन, कीवर्ड, जीव कुठला, त्याचं कूळ थेट वरच्या टोकापासून, संदर्भ, लेखकांची नावं, त्यांनी डेटा कुठून आणि कधी पाठवला ते, टिपा, जनुकांची वैशिष्ट्यं, आणि हे सगळं संपल्यावर तळाला ‘ओरिजिन’ म्हणून साठ-साठ अक्षरांच्या ओळींत सीक्वेन्स. माझ्या मते ही मराठी लग्नपत्रिका आहे. कुलस्वामिनी प्रसन्न, स्वर्गीय आजोबा, विद्यमान आजोबा, नात्याने कोण कुणाचा कनिष्ठ चिरंजीव, निमंत्रक, व्यवस्थापक, ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी पिल्लं. आणि लग्न कधी आहे ते कोपऱ्यात बारीक टायपात. हे मी काकांना त्यांच्याच मुलीच्या लग्नाच्या वेळी बोललो आणि पस्तावलो. त्यांनी खरोखर पत्रिकेचा मजकूर फास्टात बसवला: पहिल्या ओळीत > आणि वधूवरांची नावं, मधे अंडरस्कोर, खाली तारीख, वेळ, कार्यालय. वहिनींनी कागद हातात घेतला.

‘अहो, मामंजींचं नाव कुठंय?’

‘फीचर्समध्ये घालता येईल.’

पत्रिका शेवटी वहिनींच्या भावाने छापून आणली. तीत एकूण बेचाळीस नावं होती, आणि कार्यालयाचा पत्ता राहिला होता. काकांनी ‘टेल’ मारायची राहिली म्हणून आजवर स्वतःला माफ केलेलं नाही.

माणूस हळवा होण्याच्या जागा ज्याच्या त्याच्या असतात. काकांची जागा म्हणजे माणसाच्या मायटोकाँड्रियल डीएनएच्या प्रमाण सीक्वेन्समधलं ३१०७ वं अक्षर. केंब्रिजमध्ये १९८१ साली हा सीक्वेन्स पुरा झाला: १६,५६९ अक्षरं. जगभरचे लोक त्यावरच्या जागा आकड्यांनी सांगू लागले, अमुक रोग तमुक क्रमांकाच्या बदलाने. १९९९ मध्ये त्याच नमुन्याचा डीएनए पुन्हा वाचला तेव्हा कळलं, की त्या ठिकाणी एक सी जास्तीचा लिहिला गेला होता. काढावा, तर पुढची सगळी अक्षरं एकेक घर मागे सरकणार आणि अठरा वर्षांत छापलेले सगळे क्रमांक चुकणार. मग संशोधकांनी काय केलं? सी काढला आणि त्या जागी एन लिहिला. एन म्हणजे ‘कुठलंही अक्षर’. इथे मात्र त्याचा अर्थ ‘इथे कुणी नाही, पण जागा सोडू नका’ असा आहे. आकडेमोड वाचली. हे सांगताना काकांचा आवाज उतरतो आणि ते चष्मा पुसतात. मला स्वतःला त्यात रडण्यासारखं काही दिसत नाही, पण जगातलं सगळ्यात शहाणं ठिगळ ते असावं, एवढं मान्य करावं लागेल.

एक्सेलबद्दल मी इथे फार लिहीत नाही, कारण काका लिहू देणार नाहीत. तो शब्द त्यांच्या खोलीत वर्ज्य आहे. मार्च आणि सेप्ट अशा नावांच्या जनुकांना एक्सेल तारखा समजतं. २०१६ च्या एका पाहणीत जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या पेपरांपैकी सुमारे एक पंचमांश पेपरांत असल्या चुका सापडल्या. शेवटी २०२० मध्ये माणसांनी जनुकांचीच नावं बदलली, आणि २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही खोड बंद करायचं बटण दिलं. काकांना आधीच्या घटनेचं दुःख आहे आणि नंतरच्यावर विश्वास नाही.

त्यांचे दोष? भरपूर. मीटिंगमध्ये कुणी तीस स्लाइडचं सादरीकरण करून घामाघूम झाला, की काकांचा एकमेव प्रश्न असतो, ‘ही मोजणी शून्यापासून की एकपासून?’ प्रश्न रास्त आहे. डीएनएवरच्या जागा नोंदवायच्या बेड फाइलीत पहिली शंभर अक्षरं ० ते १०० अशी लिहितात आणि जीएफएफमध्ये तीच १ ते १००. पण सणासुदीला कँटीनच्या रांगेत ‘तुमचा नंबर कितवा?’ असं विचारल्यावर तेच उत्तर ऐकायची कुणाची तयारी नसते. दुसरं म्हणजे, जगाला शिस्त लावणाऱ्या या गृहस्थांचे स्वतःचे प्रोग्रॅम पर्ल भाषेत आहेत, त्यांत स्पष्टीकरणाची एक ओळ नाही, आणि त्यांची नावं ‘टेस्ट’, ‘टेस्ट२’, ‘टेस्ट२_खरा’ आणि ‘टेस्ट२_खरा_हाच’ अशी आहेत. कुणी हे दाखवून दिलं तर ते म्हणतात, ‘मला कळतं ना.’ ही सबब त्यांनी दुसऱ्या कुणाकडून कधीही चालवून घेतलेली नाही.

आणि तरीही २०२१ चा मार्च आठवतो. कोरोनाचे नमुने जिल्ह्याजिल्ह्यांतून पुण्यातल्या प्रयोगशाळांकडे येत होते, पुढे बी.१.६१७ म्हणून ओळखल्या गेलेल्या कुळाची चर्चा महाराष्ट्रातल्या नमुन्यांवरूनच सुरू झाली होती. विषाणूचा सीक्वेन्स जेमतेम ३०,००० अक्षरांचा, चिनी प्रमाण प्रतीत २९,९०३. एखाद्या दिवाळी अंकातला दीर्घ लेख. त्या अक्षरांची कुणाला चिंता नव्हती, यंत्रं ती चोख वाचत होती. चिंता होती ती पहिल्या ओळीची. विषाणूच्या नावात देश, नमुना, वर्ष, मधे तिरक्या रेघा. कुठला प्रोग्रॅम त्या रेघांना फोल्डर समजे, कुठला नावातल्या रिकाम्या जागेपाशी थांबे. हेडरची एक ओळ खालीवर झाली असती तर साताऱ्याचा रुग्ण सोलापुरात गेला असता, फेब्रुवारीचा नमुना मार्चचा झाला असता आणि फैलावाचा नकाशा मोठ्या रुबाबात चुकला असता. एरर न येता. काका तेव्हा दोन मास्क लावून रात्री-रात्री नळीवरचा नंबर, रजिस्टरमधला नंबर आणि > च्या पुढचा नंबर ताडत बसायचे. त्यांच्याशी भांडायला त्या दिवसांत कुणी गेलं नाही. पुढे जे पेपर छापून आले त्यांतल्या एकात आभाराच्या परिच्छेदात काकांचं नाव आहे: ‘फॉरमॅटिंगमध्ये मदत केल्याबद्दल’. त्यांच्या आईने ते वाचून घरी विचारलं, ‘टायपिंगचं काम देतात का रे तुला?’

पुढच्या मे महिन्यात काका निवृत्त होतायत. त्यांच्या जागेची जाहिरात निघाली आहे. उमेदवाराला पायथन यावं, मशीन लर्निंग यावं, क्लाउडचा अनुभव असावा, नेतृत्वगुण असावेत, असं तीत म्हटलंय. फाइलीच्या पहिल्या दहा ओळी वाचण्याची सवय असावी असं कुठेही म्हटलेलं नाही. जाहिरातही वर्डमध्ये होती. काकांनी ती साध्या मजकुरात बदलून नोटीस बोर्डावर लावली.

तेव्हा मेपर्यंत तुम्हाला त्यांच्याकडे काही पाठवायचं असेल तर साध्या मजकुरात पाठवा. फाइलीच्या नावात रिकामी जागा नको, ‘फायनल’ हा शब्द नको. हेडरमधली नावं एकमेकांपासून वेगळी आहेत ना ते बघा, ॲक्सेशन नंबरपुढचा पॉइंट आणि व्हर्जन गाळू नका, मूळ फाइल स्वतःकडे ठेवा. अकराच्या चहानंतर गेलात तर काम लवकर होतं. आणि कृपा करून सीक्वेन्सचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर पाठवू नका; गेल्या आठवड्यात एकाने पाठवलाय, आणि काका अजून त्याला शोधतायत.